वादळात छप्पर उडालंय, दोन दिवसांत पुन्हा पावसाचा अंदाज आहे. तात्पुरती डागडुजी कुठून सुरू करू?

वळचण (प्रश्न)

घर एकमजली, विटांच्या भिंतींचं. मागच्या खोल्यांवर लोखंडी पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या दांड्यांवर) पत्रे आहेत आणि पुढच्या पडवीवर कौलं. नुकसान असं:

– पत्र्यांच्या एका पाख्यावरचे, आढ्याला लागून असलेले तीन पत्रे उडाले. भगदाड साधारण ९ फूट रुंद आणि ८ फूट लांब. आढ्यापासून वळचणीपर्यंत पाखं १४ फूट.
– पडवीची पंचवीस-तीस कौलं फुटली किंवा सरकली.
– वाऱ्याच्या बाजूच्या एका खिडकीची काच आणि निम्मी चौकट गेली.
– आतल्या पीओपी छताला एका जागी पाण्याचा फुगा आलाय.
– बाजूच्या त्रिकोणी भिंतीत वरून तिरकी भेग दिसते.

घरात प्लास्टिकची पातळ ताडपत्री आहे, १८ बाय २४ची. ती टाकून वर विटा ठेवल्या तर निभेल का? मिस्त्री मिळायला आठ-दहा दिवस लागणार. तोवर घर कोरडं राहिलं तरी पुष्कळ.

रंधा

आधी विटांचं. नका ठेवू. साधा हिशेब बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ५० किलोमीटरला तो चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, १०० किलोमीटरला ४७च्या आसपास. तुमची ताडपत्री ४० चौरस मीटरची. सगळा दाब सगळीकडे एकदम येत नाही हे खरं, पण निम्मा धरला तरी शेकडो किलोंची ओढ झाली. तिथं वीस विटांचं साठ किलो वजन काय पुरणार? शिवाय ताडपत्री फडफडली की विटा घरंगळतात, खाली कोणी असेल तर त्याच्या डोक्यात. राहिल्याच तर त्यांच्या कडांवर ताडपत्री घासून फाटते.

ताडपत्री सहसा मधून फाटत नाही. तिच्या कडेची आयलेट उपटतात, तिथून चीर सुरू होते आणि तासाभरात चिंध्या होतात. दोरी नुसती आयलेटमध्ये ओवून बांधली की सगळा जोर त्या नाण्याएवढ्या कडीवर येतो. म्हणून कड लाकडी पट्टीत धरायची, म्हणजे जोर पूर्ण लांबीवर वाटला जातो.

पातळ ताडपत्री आतलं सामान झाकायला ठेवा. छपरासाठी निदान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्या, २५० मिळाली तर उत्तम. माप तुमचं बरोबर आहे: आढ्यापलीकडे ४ फूट, पाखं १४ फूट, वरखाली गुंडाळायला एकेक फूट, म्हणजे २० फूट. रुंदीला भगदाड ९, दोन्ही बाजूंना तीन-तीन, गुंडाळायला दोन, म्हणजे १७. १८ बाय २४ पुरते.

आढ्यापलीकडे ४ फूट न्यायचं चुकवू नका. ताडपत्रीची वरची कड आढ्याच्या अलीकडे संपली तर वरून ओघळणारं पाणी तिच्या खाली शिरतं आणि थेट घरात उतरतं. टेप लावून ती कड बंद होत नाही, कारण ओल्या पत्र्याला टेप धरत नाही.

बांधायची पद्धत अशी:

१. दोन बाय एक इंचाच्या सरळ पट्ट्या घ्या. ताडपत्रीची वरची कड पट्टीवर दोन वेढे गुंडाळा. वेढा खालच्या अंगाला आला पाहिजे, वर राहिला तर त्यात पाणी साचतं.

२. आढ्यापलीकडच्या पाख्यावर ही पट्टी पर्लिनवर येईल अशी ठेवा आणि दर फुटाला स्क्रू मारा. पट्टी एक इंच जाड आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यातून पर्लिनपर्यंत जायचा, म्हणून ७५ मिमीचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतील. लाकडाला आधी स्क्रूपेक्षा किंचित मोठं भोक पाडा. नाहीतर स्क्रू लाकडात आटे धरतो आणि टोक लोखंडात शिरेपर्यंत पट्टी वर उचलली जाते. मग कितीही आवळा, पट्टी पत्र्याला टेकत नाही.

३. भगदाडावर पर्लिन उघड्या पडल्या असतील. त्यांच्यावर आढ्याकडून वळचणीकडे उभ्या पट्ट्या टाका, दोन पट्ट्यांत दीड फुटापेक्षा जास्त अंतर नको. त्या नसल्या तर ताडपत्रीत खड्डा पडून पाणी साचतं. एक चौरस मीटरच्या खड्ड्यात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो. तो खड्डा आपोआप खोल होत जातो, कारण वजनानं ताडपत्री ताणते आणि आणखी पाणी मावतं.

४. मग ताडपत्री खाली ओढून ताठ करा, खालची कड पट्टीत गुंडाळून वळचणीच्या पर्लिनला खालून किंवा पुढून धरा. बाजूच्या कडा शेवटी. दोघं वर, एक खाली. वारा सुटला असेल तर हे काम करू नका. उघडलेली ताडपत्री शिडासारखी माणसाला ओढून नेते.

शिडी दर चार फूट उंचीला एक फूट भिंतीपासून लांब, आणि वळचणीच्या वर तीन फूट गेलेली हवी. ओल्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, बूट कुठलेही असोत. चालावं लागलंच तर पर्लिनच्या ओळीवरून, म्हणजे जिथं स्क्रूची रांग दिसते तिथून.

फेज_न्यूट्रल

रंधा यांनी शिडी लावून वर चढायचं सांगितलं, त्याआधीचं मी लिहितो.

घराला येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला, पन्हळीला किंवा लोखंडी फाटकाला टेकली नाही ना, हे लांबूनच बघा. टेकली असेल तर अख्खं छप्पर जिवंत आहे असं धरा. तुटून पडलेल्या तारेपासून १० मीटर दूर राहायचं, ती ठिणग्या मारत नसली तरी. तारेभोवतालच्या ओल्या जमिनीतही व्होल्टेज पसरलेलं असतं, आणि दोन पावलांत अंतर पडलं की एका पायातून दुसऱ्यात करंट जातो. वीज मंडळाला कळवा, काठीनं तार बाजूला सारू नका.

मेन स्विचपाशी पाणी असेल तर त्यात उभं राहून हात लावू नका. कोरडं असेल तर मेन बंद करा. त्यानंतर लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद केल्यावर तो आपणहून सुरू होतो आणि दिव्या-पंख्यांच्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट ढकलत राहतो. तो बंद करून त्याची आउटपुट वायर वेगळी करा. छपरावर सोलर पॅनल असेल तर उजेड आहे तोवर त्यातून डीसी येतच राहतो, काच फुटलेली असली तरी.

भिजलेलं सर्किट वाळल्यासारखं वाटलं म्हणून चालू करायचं नाही. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) इन्सुलेशन तपासून घ्या, १ मेगओमच्या खाली असेल तर ते सर्किट बंदच राहू द्या. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतो म्हणून त्याला बायपास करणारे महाभाग असतात. तो पडतोय कारण ओलीतून करंट गळतोय, आणि तो पडतोय म्हणूनच तुम्ही शाबूत आहात.

जनरेटर आणणार असाल तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट. पडवीत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. त्याची पिन घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचं डोक्यातही आणू नका. तो करंट उलटा लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या माणसाला बसतो.

पर्लिनवाला

रंधा, पट्टीचं सगळं पटलं. पण पत्र्याच्या छपराला ताडपत्री हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे. पर्लिन जागेवर आणि सरळ असतील तर त्या भगदाडावर पत्राच टाका. सामान तेवढंच लागतं, वेळ फार तर दीडपट, आणि पुढच्या वाऱ्यात रात्रभर जागावं लागत नाही. उडालेले पत्रे बहुतेक आसपासच सापडतात. घडी पडून चीर गेलेली नसेल तर फळीवर ठेवून लाकडी हातोड्यानं सरळ करा. तात्पुरत्या कामाला तेवढं पुरतं.

बसवताना:

– वरच्या ओळीचा पत्रा खालच्या ओळीच्या पत्र्यावर निदान ६ इंच चढला पाहिजे. उतार कमी असेल तर ८.
– बाजूचा लॅप, म्हणजे शेजारच्या पत्र्यावर चढणारा भाग, दोन लहरींचा घ्या. नेहमी एका लहरीवर भागवतात, पण सरळ केलेला पत्रा नीट टेकत नाही म्हणून दोन.
– वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून बसवत या, म्हणजे लॅपची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करत नाही.
– आढ्याच्या आणि वळचणीच्या पर्लिनवर प्रत्येक दुसऱ्या लहरीवर स्क्रू, मधल्या पर्लिनवर तिसऱ्या-चौथ्या लहरीवर चालेल. छपराच्या कडा आणि कोपरे यांवर वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते. तुमचे आढ्यालगतचेच पत्रे गेले, यात नवल नाही.
– स्क्रू लहरीच्या उंचवट्यावर, आणि जुन्या भोकात पुन्हा नाही. वाऱ्यानं ते भोक लांबट झालेलं असतं, तिथं वॉशर धरत नाही. इंच-दीड इंच सरकून नवीन मारा. जुनं भोक ब्युटाइल टेपनं (चिकट रबरी टेपनं) बंद करा.
– रबरी वॉशर किंचित फुगून बाहेर डोकावेल इतकंच आवळायचं. चेपून वाटीसारखा झाला तर रबर चिरतं, उन्हात आणखी फाटतं आणि तिथूनच गळती सुरू होते.

जुने J आकाराचे हुक असतील तर काढून बघा. बहुतेक वेळा हुक शाबूत असतो, पण वरचं डांबरी वॉशर खलास झालेलं असतं. पत्रा त्या भोकातून वर उपटून निघालेला असतो, हुक मात्र पर्लिनला तसाच. अशा ठिकाणी हुकाच्या नटाखाली दोन इंचाचा चौकोनी पत्र्याचा तुकडा वॉशर म्हणून घाला.

एक खबरदारी. पत्रे सिमेंटचे असतील तर हे सगळं विसरा. त्यावर पाय ठेवला की माणूस थेट आत पडतो. किमान दोन पर्लिनांवर टेकेल अशी फळी टाकूनच वर जायचं. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ग्राइंडरनं कापायचं नाही, कोरडं भोक पाडायचं नाही. तुकडे पाणी मारून ओले ठेवा आणि जाड पिशवीत भरा. साधा कापडी मास्क त्या धुळीला उपयोगाचा नाही.

ओळंबा

छपराच्या गडबडीत त्या त्रिकोणी भिंतीकडे दुर्लक्ष होतंय. पत्रे आणि पर्लिन तिला वरून धरून ठेवत असतात. तो आधार सुटला की ती एका विटेच्या जाडीची, दोन्ही तिरक्या बाजूंनी मोकळी उभी राहते. पुढच्या वाऱ्यात आत पडली तर खालच्या खोलीत झोपलेल्यांवर पडेल.

वरून ओळंबा सोडून बघा. भिंतीच्या उंचीत इंचभर जरी कललेली असेल, किंवा भेगेच्या दोन बाजू पुढेमागे झाल्या असतील, तर ती खोली रिकामी करा आणि बाहेरच्या बाजूला भिंतीच्या उंचीइतकं अंतर दोरी बांधून अडवा. भेग ५ मिमीपेक्षा रुंद असेल तरीही तेच. त्यापेक्षा बारीक आणि भिंत ओळंब्यात असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. भेगेवर आडवी रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ बघा. टोक रेघेपलीकडे गेलं की भिंत अजून हलतेय. भेगेत सिमेंट भरू नका. त्यानं भिंत धरली जात नाही, फक्त हालचाल दिसेनाशी होते.

भिंतीवर टेकलेल्या पर्लिनचं टोक बघा. टेकलेली लांबी ३-४ इंचांवरून इंचावर आली असेल तर तिथं आतून टेकू हवा. लोखंडी जॅक घ्या. खाली ९ इंच रुंद, २ इंच जाड फळी, वरही फळीचा तुकडा. नुसत्या लादीवर जॅक ठेवला तर लादी फुटून तो खचतो. जॅक हातानं फिरवून घट्ट टेकेल इतकाच चढवा. वाकलेलं छप्पर जॅकनं वर उचलून सरळ करायचा मोह होतो, पण त्यानं भार भलतीकडे जातो आणि चांगल्या भिंतीलाही भेग पडते.

कुठलंही काम करण्याआधी फोटो. घराच्या चारही बाजूंनी लांबून, मग प्रत्येक नुकसानीजवळ मोजपट्टी धरून. विमा असेल तर डागडुजीच्या सामानाची बिलं आणि उपटलेल्या हुक-पत्र्यांचे एक-दोन नमुने ठेवा. पंचनामा होईपर्यंत मोडतोड फेकू नका, एका कोपऱ्यात रचा.

वळचण

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत ओळंब्यात आहे, भेग साधारण २ मिमी. रेघा मारल्या. तीनपैकी दोन पत्रे सापडले, तिसरा दुमडून चिरला आहे. सर्व्हिस वायर शाबूत आहे, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले.

राहिलेल्या शंका: कौलं, खिडकी आणि तो पीओपीचा फुगा. आणि स्क्रूच्या भोकांना सिलिकॉन लावलं तर चालेल का?

रंधा

फुगा आधी. त्याखालचं सामान हलवा, बादली ठेवा. बाजूला उभं राहून फुग्याच्या सगळ्यात खालच्या जागी स्क्रू ड्रायव्हरनं बोटाएवढं भोक पाडा. पाणी गळू द्या. तसाच ठेवला तर अख्खा तुकडा एकदम कोसळतो. पंखा त्याच छतात असेल तर त्याच्या हुकाभोवतीचा भाग तपासल्याशिवाय खाली वावरू नका.

खिडकीला १२ मिमीचा प्लाय. निम्मी चौकट गेलीय म्हणता, मग चौकटीवर भिस्त नको. प्लाय चारही बाजूंनी ४ इंच भिंतीवर येईल असा कापा. भिंतीत ८ मिमीची भोकं पाडून प्लग बसवा, दर फुटाला स्क्रू आणि मोठं वॉशर. विटेत मारा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. तो भुसभुशीत असतो, ओढ बसली की प्लगसकट निघून येतो. काचेचे उरलेले तुकडे जाड हातमोजे घालून वरून खाली असे काढा.

ही खिडकी पत्रे टाकायच्या आधी बंद करा. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असली की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, वरून तर तो ओढतच असतो. दोन्ही मिळून नवीन पत्रेही जातील. मात्र सगळ्याच खिडक्या ठोकून टाकू नका, दाराखेरीज बाहेर पडायला एक वाट ठेवा.

पर्लिनवाला

सिलिकॉन ओल्या किंवा धुळकट पत्र्याला धरत नाही, आणि डांबराच्या जुन्या थरावर तर अजिबातच नाही. ब्युटाइल टेप घ्या. जागा कोरड्या फडक्यानं पुसा, गंज तारेच्या ब्रशनं घासा. भोकाच्या चारही बाजूंना ३ इंच टेप येईल असं लावून लाटण्यासारखं काहीतरी फिरवून दाबा. पाऊस थांबल्यावर निदान तासभर ऊन मिळालं तरच हे काम, एरवी थांबा.

तिसऱ्या पत्र्याच्या जागी ताडपत्री घातली तर तिची वरची कड रिजखाली (आढ्यावरच्या टोपीपत्र्याखाली) जाईल अशी सरकवा आणि खालची कड खालच्या पत्र्यावर आणा. पाणी नेहमी वरच्या थरावरून खालच्या थरावर उतरलं पाहिजे, एवढं डोक्यात ठेवलं की बाकी जमतं.

कौलारू

कौलांसाठी वर चढायची बहुतेक वेळा गरज नसते. पडवीची उंची कमी असते, आतूनच काम होतं. फुटलेल्या कौलाच्या वरची दोन कौलं आतून हातानं थोडी वर ढकला, फुटकं काढा, नवं रिपेवर (कौलांखालच्या लाकडी पट्टीवर) अडकवा, वरची सोडा. पुरेशी कौलं नसतील तर कडेची, म्हणजे वळचणीच्या शेवटच्या ओळीतली चांगली कौलं काढून मध्ये घाला. वळचण गळली तर पाणी बाहेरच पडतं.

तरी कमी पडली तर गुळगुळीत पत्र्याचे तुकडे कापा. रुंदी दोन कौलांची, लांबी कौलापेक्षा ४ इंच जास्त. वरचं टोक वरच्या ओळीच्या कौलाखाली घालायचं, खालचं टोक खालच्या ओळीच्या कौलावर. वरचं टोक इंचभर खाली वाकवून रिपेला अडकवा, म्हणजे घसरणार नाही. नुसतं प्लास्टिक कौलांखाली कोंबू नका. त्यातून पाणी रिपेवर साचतं आणि रीप कुजते.

रिपा हातानं दाबून बघा. नखानं लाकूड उकरलं जात असेल तर तिथं कौल ठेवूच नका, शेजारी नवी रीप ठोका.

फेज_न्यूट्रल

पत्रे बसले की आतलं वाळवायला लागा. ओल्या गादी-कापडावर आणि पीओपीवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. गाद्या, गालिचे बाहेर. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस नसेल तेव्हा. ओल्या भिंतीवर आतून प्लास्टिक लावू नका, ओल कोंडते.

रंधा

दोरी वापरत असाल कुठे, तर नायलॉनची नको. ती पाण्यानं ताणते, रात्री ताठ बांधलेली सकाळी सैल मिळते. पॉलिएस्टरची घ्या. आणि पहिल्या वाऱ्यानंतर सगळे स्क्रू, पट्ट्या एकदा खालून, शिडीवरूनच बघून घ्या. सैल स्क्रूच्या शेजारी नवा स्क्रू मारा, जुना आवळत बसू नका.